वन्संचा खोकला

सलितेला मी गेले ती फक्त वाडगा आणायला. आमच्यात माणूस गेलं की जेवण होतं, मग त्याच्या वस्तूंचा लिलाव. त्यातून दफनाचा खर्च भागतो. तीच सलिते. माझ्या नणंदेच्या, मादलेनच्या रजईवर सगळे बोली लावत होते. मला त्यांचा वॉल्तेस खेळायचा वाडगा हवा होता. त्यावर जन्मभर त्यांनी मला हरवलं, आणि शेवटच्या डावात मी जिंकायला आले तर बाई खुशाल मरून गेल्या.

वाडगा घोंगडीवर आपटला की हाडाच्या सहा सोंगट्या उडतात. मला हवं होतं एकच दान, सहाही एका अंगावर. पण माझ्या सोंगट्या पडताना वन्संना नेमका खोकला यायचा, गुडघ्याने घोंगडी सरकायची आणि एक सोंगटी उलटायची.

"सापेतकाकू, आता खेळणार कुणाशी?" लिलाव करणाऱ्या नोएलने विचारलं.

"तुला काय करायचंय? वाडगा दे."

घरी आले तेव्हा खाडीवरचं धुकं दाराशी टेकलं होतं. घोंगडी पसरली, मोडलेला डाव होता तसा मांडला. पाळी वन्संची होती. म्हटलं, आधी चहा टाकू.

किटली ठेवते तोच मागे... धप्प.

वळले. सोंगट्या अजून थरथरत होत्या. खोलीभर वन्संच्या पेपरमिंटचा वास. दाराकडे दोन पावलं पळाले, खोटं कशाला बोलू? पण दान पाहिलं तर तीन सुलट्या, तीन उलट्या. फुकट गेलं. मग मात्र मी बसले.

आपटला वाडगा. सहाही एका अंगावर येतात तोच समोरच्या रिकाम्या जागेतून... खॉक्... खॉक्... आणि एक सोंगटी उलटली.

"वन्सं," मी पुटपुटले, "मेल्यावर तरी लाज बाळगा..."

त्यांचं पुढचं दानही वाया गेलं. माझ्या पाळीला मी आधीच खोकत सुटले, त्यांच्या खोकल्याला जागाच ठेवली नाही. सहाच्या सहा! जिंकले. एकटीच नाचले त्या घोंगडीभोवती.

तेव्हापासून मला खोकला लागलाय. येतो तो फक्त माझ्या सोंगट्या पडताना. कालची पोरंसुद्धा हरवतात मला.

परवा नर्स बघायला आली. मी वाडगा आपटला आणि खोकले. ती छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली.

"आजी, हा आवाज तुमच्या छातीतून येत नाहीये..."

"मग कुठून येतोय?"

 ती घोंगडीच्या पलीकडे बघत उठली आणि पिशवी तिथेच टाकून गेली.