दर्याचा वाटा

बर्फात उभा असलेला माड पाहून नवखा माणूस एक तर हसतो, नाहीतर डोळे चोळतो. डॉ. शाल्मली तांडेलला एव्हाना दोन्हींची सवय झाली होती. हिमाचलात, सात हजार फुटांवर, सफरचंदाच्या बागांना खेटून तिचं संशोधन उद्यान होतं, आणि तिथे तीनशे माड झावळ्यांवर बर्फ घेऊन ओळीने उभे होते. जगभरचे हौशी बागवान थंडीत आपल्या ताडामाडांना बाळंतिणीसारखे गुंडाळून ठेवतात, त्यांच्या उशापायथ्याशी दिवे लावतात. शाल्मलीच्या माडांना यातलं काही लागत नसे. पहिली थंडी पडली की ते आपले झोपून जात आणि वसंतात उठत. या एका झोपेसाठी तिने आयुष्याची बावीस वर्षं घातली होती, आणि लग्न कधी करणार हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्या टेबलावर थर्माकोलची एक पेटी येऊन पडली. आत माडाच्या शेंड्यांतले मिटलेले कोंब होते. पाठवणारे डॉ. फरीद मुकादम कोकण किनाऱ्यावरच्या नारळ संशोधन केंद्रात रोगतज्ज्ञ होते. पेटी उघडते न उघडते तोच त्यांचा फोन आला.

"शाल्मलीताई, बुरशी नाही, जिवाणू नाही, विषाणू नाही, भुंगा तर नाहीच नाही. माड वरून हिरवागार, पण कोंब मिटला तो मिटलाच. जानेवारीपासून नवी झावळी नाही की फुलोऱ्याची पोय नाही. बारा हजार माड! मी तीस वर्षं या झाडांत काढली, पण असलं काही पाहिलं नाही."

"सरकार काय म्हणतंय?"

"सोमवारपासून तोडून जाळायचा हुकूम निघालाय. सुरुवात तुमच्या खारवेळ गावापासून. ताई, तांडेलकाकांच्या आगरातले बावीसच्या बावीस माड यादीत आहेत."

ते बावीस माड शाल्मलीच्या आईने लावले होते, घागरीने पाणी घालून. आई गेल्यावर बाबा होडी विकून त्या आगरातच बसले होते. रोज संध्याकाळी एकेका बुंध्यावर हात ठेवून फिरत. एक दिवस चुकला तर त्यांना जेवण जात नसे.

"सगळेच मिटलेत?" तिने विचारलं.

"अलीकडच्या लागवडीतले सगळे, एक सोडून. अगदी समुद्राला लागून एक माड आहे, तो ठणठणीत! आजूबाजूला एवढा हाहाकार आणि याची पोय डोलतेय. आमची सगळी भिस्त आता त्याच्यावर. याल तेव्हा दाखवतो."

तिने कोंबाचा तुकडा कापून जनुकवाचकात घातला आणि चहा करायला गेली. परत आली तेव्हा पडद्यावर अक्षरांच्या रांगा सरकत होत्या. एका रांगेशी यंत्राने तांबडी खूण केली होती. ज्ञात क्रम, स्रोत हेच उद्यान.

शाल्मलीने कप खाली ठेवला.

बावीस वर्षांपूर्वी तिने माडात निद्राजनुक बसवलं, तेव्हा ओळखखूण म्हणून त्याच्या शेपटाशी एक निरुपद्रवी ओळ जोडली होती. जनुकांच्या चार अक्षरी लिपीत लिहिलेलं आईचं नाव. हिराबाई चांगदेव तांडेल. कोकणातल्या मरायला टेकलेल्या माडाच्या कोंबात तेच नाव तिच्याकडे बघत होतं. तिने यंत्र पुसलं, दुसरा कोंब घातला, तिसरा घातला. प्रत्येकात आई होती.

तिने मुकादमांना फोन लावला. "तोडू नका. ते मेलेले नाहीत. झोपलेत."

"माड झोपत नाही, ताई. बारा महिने वाढतो. म्हणून तर थंडीत मरतो."

"हा झोपतो. मी सफरचंदाची झोप माडाला दिलीय. लागोपाठ तीन रात्री पारा दहा अंशांच्या खाली गेला की कोंबाचं दार बंद होतं. मग कोंबातला शीतगणक तास मोजायला लागतो. सात अंशांखालचे नऊशे तास भरले की दार उघडतं. त्याआधी नाही."

"थोडे कमी भरले तर?"

"नाही उघडत. मी मुद्दाम तसं केलं. नाहीतर हिवाळ्यात मध्येच चार दिवस ऊन पडलं की झाड फसून जागं होईल आणि पुढच्या हिमात मरेल."

पलीकडे मुकादमांनी कागद चाळले. मग सावकाश म्हणाले, "जानेवारीत आमच्याकडे तीन रात्री नऊ अंश होता. म्हातारी माणसं म्हणत होती, जन्मात अशी थंडी पाहिली नाही."

"म्हणजे दार बंद झालं."

"आणि नऊशे तास?"

या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. कोकणात नऊशे तास थंडी माणसाच्या सात पिढ्यांत मिळून पडली नसती.

"झोपेतही झाड श्वास घेतं," शाल्मली म्हणाली. "थंडीत सावकाश, उकाड्यात भराभर. पोटातली साखर मेअखेर संपेल. तोवर जागं केलं नाही तर मात्र खरंच मरतील."

"पण ताई, तुमचं जनुक आलं कसं इथे? तुमच्या बागेतून जिवंत नारळ बाहेर जात नाही ना? नियम तुम्हीच केलाय."

"मी येते," ती म्हणाली. "आल्यावर सांगते."

सांगण्यासारखं एकच होतं आणि ते तिने सोळा वर्षं कोणालाही सांगितलं नव्हतं. बागेतला पहिलावहिला नारळ तिने कपड्यांच्या पार्सलात लपवून बाबांना पाठवला होता. फोन करून बजावलं होतं, फोडा आणि खा, करवंटीसुद्धा जाळून टाका. आठ दिवसांनी बाबांनी कळवलं होतं, "गोड होता गो." तेवढ्यावर ती महिनाभर हवेत होती.

शनिवारी दुपारी ती खारवेळला पोचली. टेकडीच्या आडोशाला, खाडीकडच्या खोलगट भागात तांडेलांचं आगर. बावीस बुंध्यांवर सरकारी माणसांनी पांढऱ्या चुन्याच्या फुल्या मारल्या होत्या. चांगदेव तांडेल ओल्या फडक्याने एक फुली पुसत होते. त्यांचं वय पंच्याहत्तर, पण हात अजून वल्ह्याचे होते.

"पुसून काय होणार, बाबा?"

"काही नाय. पण बघवत नाय." ते तिच्याकडे वळले. "तू आलीस ना बाय, आता बघ. तू माडांची डॉक्टरीण."

तिने त्यांना ओट्यावर बसवलं. कसं विचारावं याची तिने विमानात चार वेळा तयारी केली होती, ती सगळी फुकट गेली. "बाबा, मी तो नारळ पाठवला होता. पहिला. तुम्ही खाल्लात ना?"

बाबा फडकं पिळत राहिले. पाणी केव्हाच संपलं होतं.

"बाबा."

"कसा खाणार गो? माझ्या पोरीच्या हातच्या झाडाचं पहिलं फळ. ते काय आमटीत घालायचं?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "नारळी पुनव दोन दिवसांवर होती. सोनेरी कागद लावला, हळदकुंकू वाहिलं आणि दर्याला दिला. तुझ्या नावाने. तुला वाईट वाटेल म्हणून गोड होता म्हटलं."

शाल्मलीने भिंतीला पाठ टेकली. सोळा वर्षं! नारळ म्हणजे काय हे जगात कोणाला कळत असेल तर ते तिला. जाड काथ्याच्या सोडणाच्या आत कोंब सुखरूप ठेवून तीन-तीन महिने पाण्यावर तरंगणारं बी. आणि बापाकडे दोन दिवसांवर नारळी पौर्णिमा आहे हे कोळ्याच्या मुलीने पाहिलं नव्हतं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"आणि सांगू?" बाबा भीतभीत म्हणाले. "दर्याने तो ठेवून घेतला नाय. दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या पुळणीवर परत आणून दिला. कोंब फुटलेला. सोनेरी कागदाचं चिटोरं अजून चिकटलेलं होतं. गावाने तिथेच लावला. दर्यादेवाचा माड म्हणतात त्याला. पाचव्या वर्षी नारळ धरले! तुझ्या आईने आगरात लावले ते बावीसही त्याचेच. गावातल्या पोरी लग्न होऊन सासरी जातात ना, त्यांच्या पाठवणीत त्या माडाचं रोप देतात. आणि रोपांची झाडं झाली की तीही त्यांच्या पोरींना देतात."

म्हणजे असे झाले बारा हजार. अकरा वर्षं ते वाढले, फळले, वाऱ्यावर त्यांचा पराग उडाला, आणि कोणाला काही कळलं नाही, कारण तीन थंड रात्री कधी आल्याच नव्हत्या. लेकींबरोबर मोठ्या मायेने, ओटीत घालून ही झोप घरोघर गेली होती.

बाबांना तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढून त्यांनी एकच विचारलं. "थंडी कोंबालाच लागते ना? आख्ख्या माडाला नाय?"

"फक्त कोंबाला."

"मग बंदरावर बर्फाचा कारखाना आहे. मासे पंधरा-पंधरा दिवस राखतो आम्ही. शेंड्याला गोणी बांधू, वर भुसा, रोज बर्फ भरू. किती दिवस म्हणालीस?"

"अडतीस."

"होईल," बाबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. सकाळपासून पहिल्यांदाच शाल्मलीच्या छातीवरचा दगड थोडा हलला. गावोगाव बर्फ पोचवता आला, तर निम्मे तरी माड उठतील. तिची नोकरी जाईल, नाव जाईल, कदाचित खटलाही होईल. होऊ दे.

संध्याकाळी मुकादम सोमवारची तोड तूर्त थांबल्याची बातमी घेऊन आले आणि तिघंजण पलीकडच्या पुळणीवर गेले. दर्यादेवाचा माड तिथे एकटा उभा होता. बुंधा पाण्याकडे कललेला, शेंड्यात हिरव्या नारळांचे घड. पायथ्याला कोणीतरी झेंडूची माळ घातली होती.

"हाच तो!" मुकादमांचा चेहरा उजळला. "बघा, कोंब कसा तलवारीसारखा वर आलाय. तुमच्या झोपेला दाद न देणारं झाड! म्हणून मी याच्या पोयीचे तुकडे ऊतिसंवर्धनाच्या पेटीत वाढवले. सहा आठवड्यांत चार हजार रोपं. गुजरातपासून केरळपर्यंत सगळ्या किनाऱ्यावर पाठवलीत."

"मुकादमसाहेब," ती म्हणाली, "हा त्या सगळ्यांचा बाप आहे. मी बागेतून चोरून पाठवलेल्या नारळाचं झाड."

"पण मग हा जागा कसा?"

"जानेवारीत इथे पुळणीवर पारा किती होता?"

मुकादमांनी खिशातून यंत्र काढून जुने आकडे पाहिले. समुद्राच्या उबेत तो तेराच्या खाली उतरलाच नव्हता. ते आकडे त्यांनी पुन्हा एकदा वाचले. "म्हणजे हा झोपेतून वाचला नाही. याला अजून झोप लागायचीय."

"आणि तुम्ही पाठवलेली रोपं छान वाढतील. कोणाला शंका येणार नाही. तीच तर भीती आहे."

मुकादम वाळूत मटकन खाली बसले. पण माणूस पक्का होता. मिनिटभराने त्यांनी मान वर केली. "प्रत्येक रोपाला क्रमांक आहे, ताई. कुठल्या खड्ड्यात कुठलं रोप, सगळं नोंदवलंय. आठ दिवसांत चारही हजार उपटून जाळतो. आज रात्रीच कळवतो."

"आणि हा?" शाल्मलीने माडाकडे बोट दाखवलं.

बाबांनी कमरेचा कोयता काढला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "मीच दिला, मीच काढतो," ते म्हणाले. "आधी घड उतरवू. एकही बी राहायला नको ना?"

"एकही नको, बाबा."

सुटलो, असं शाल्मलीला वाटलं. हा माड गेला, ती रोपं गेली, बाकीच्यांचा हिशोब घरोघर फिरून लागेल. तेवढ्यात शेंड्यातला एक पिकलेला नारळ सुटला. बुंधा पाण्याकडे कललेला, तो सरळ भरतीत पडला आणि डुलत डुलत निघाला. शाल्मली चपलांसकट पाण्यात धावली. छातीभर पाण्यात, नाकातोंडात खारट पाणी घेत तिने तो कसाबसा पकडला आणि पोटाशी धरून बाहेर आली.

बाबा तिच्याकडे विचित्र नजरेने बघत होते. हातातला कोयता खाली आला होता.

"एवढ्या एकासाठी धावलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकसुद्धा पुरतो, बाबा. त्या वेळी एकच होता."

"पण बाय..." ते चाचरत म्हणाले. "या माडाचे नारळ आपण निम्मेच ठेवतो. दर्याने परत दिलेलं झाड, तर त्याचा वाटा त्याला नको? दर नारळी पुनवेला गावातलं प्रत्येक घर याचा एक नारळ दर्याला देतं. सत्तर घरं आहेत. अकरा वर्षं झाली."

शाल्मलीने समुद्राकडे पाहिलं. तिथे कुठलाही क्रमांक नव्हता, कुठलीही नोंद नव्हती. लक्षद्वीप, मालदीव, लंका, आफ्रिकेचा सगळा किनारा, आणि प्रत्येक पुळणीवर कोणीतरी कौतुकाने खड्डा खणणारा. मुकादमही उठून उभे राहिले होते.

तिचा चेहरा पाहून बाबांना राहवलं नाही. ते जवळ आले आणि तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत समजूत घालू लागले.

"घाबरू नको गो. दर्या काही बुडवत नाय. कुठल्या ना कुठल्या किनाऱ्याला नीट नेऊन पोचवतो."