मागे मीच

हाताला काय झालं म्हणून विचारलंत. दारात सापडला. सगळ्यांना मी एवढंच सांगतो, आणि ते खोटंही नाही. पण तुम्ही दिव्यापाशी निवांत बसलायत, ताईला वर यायला अजून वेळ लागेल, तर नीटच सांगतो. माझी शाळा लवकर सुटली. सांगताना मागेपुढे झालं तर समजून घ्या.

ताई आणि मी बंदरात पाहुणे फिरवतो. मोठी जहाजं धक्क्याला लागतात, माणसं दिवसभरासाठी उतरतात आणि तेवढ्यात त्यांना सगळं शहर बघायचं असतं. घड्याळाचा मनोरा, जुनं जकातघर, दीपगृह, दोरखंडांची वखार. आणि शेवटी बोगदा.

बोगदा खाडीच्या खालून जातो. पूर्वी गोदीतले कामगार त्यातून पलीकडच्या धक्क्यावर पायी जायचे. या बाजूनं जिना उतरायचा, पलीकडे लिफ्टनं वर यायचं. पांढऱ्या फरश्यांच्या भिंती, जाळीतले मिणमिणते दिवे, आणि ओल. ती ओल कपड्यांत बसते. आमच्या उशांनासुद्धा बोगद्याचा वास येतो.

ताई पुढे चालायची, पिवळा झेंडा उंच धरून, सारखी बोलत. मी सगळ्यांच्या मागे. चारचौघांत माझा घसा कोरडा पडायचा, म्हणून मला हे काम. कुणी फोटो काढत रेंगाळलं, कुणाची चप्पल तुटली, तर आपण थांबायचं, 'पुढे व्हा' म्हणायचं आणि त्याच्या मागून चालायचं. आपल्या मागे माणूस ठेवून पाऊल उचलायचं नाही. लिफ्टमध्ये एक मावशी स्टुलावर बसलेली असते. सगळे आत शिरले की ती जाळीचं दार ओढायच्या आधी ओरडते, "मागे कुणी?" मी म्हणायचं, "मागे मीच," आणि आत यायचं. मग दार बंद. दिवसाकाठी मी मोठ्यानं बोलायचो ते तेवढंच.

मावशी मला शेपूट म्हणते. "आलं का गं तुझं शेपूट?" असं ताईला विचारते.

जिना उतरायच्या आधी ताई पाहुण्यांना रोज एकच विनोद सांगायची. "घाबरू नका, जितके खाली जाऊ तितके वर येऊ. चुकून कुणी उरलंच, तर आम्ही त्याला घरी जेवायला नेतो. फक्त भात माझा भाऊ करतो, आणि तो करपवतो." लोक हसायचे. मी मागे उभा राहून चपलांकडे बघायचो.

ताईला त्या ओलीनं खोकला लागला होता. उन्हाळा आला तरी जाईना. आम्हाला फेऱ्यांचं काम देणाऱ्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, भाऊ बोलायला लागला तर हिला वर तिकिटाच्या खिडकीत बसवू. म्हणून जेवणं झाली की ती माझ्याकडून फेरीतलं सगळं बोलणं वदवून घ्यायची. मी घड्याळाच्या मनोऱ्याशीच अडायचो.

"मुक्या," ती डोळे मिटून, भिंतीला टेकून म्हणायची, "निदान जकातघरापर्यंत तरी पोच रे. मी दमले."

त्या दिवशी दुपारपासून धुकं होतं. दोन जहाजं एकदम लागली होती, पाहुणे खूप, आणि आमची शेवटची फेरी. शेवटची फेरी आत गेली की पहारेकरी मागून जिन्याचं दार लावून घेतो, आणि आम्ही वर आलो की पाणी उपसणारे पंप बंद होतात. सकाळपर्यंत आत गुडघाभर पाणी साचतं.

अर्ध्या वाटेवर मला मागून पावलं ऐकू आली. जड, ओली पावलं. पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाची असतात तशी.

मी वळलो. भिंतीला पाठ टेकून एक माणूस उभा होता. लांब कोट, मान खाली, आणि कोटाच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, छतातून गळतंय तिथे उभा राहिला असेल बिचारा. फेरी सुरू होताना हा कुठे होता, हे त्या क्षणी मनातच आलं नाही. दमलो होतो.

"काका, पुढे व्हा," मी म्हणालो.

"मी शेवटचा आहे," तो म्हणाला. आवाज असा की बोलायचेसुद्धा कष्ट पडत होते.

"नाही, शेवटचा मी. तुम्ही व्हा पुढे."

त्यानं मान वर केली. चेहरा साधाच होता. फक्त माझं बोलणं त्याला खरं वाटत नव्हतं.

"नक्की…?"

"नक्की."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात इतका जड होता की मी वाकलो. मग त्यानं मोठा श्वास सोडला. कुजक्या पाण्याचा आणि कोळशाचा वास आला. तो माझ्या बाजूनं पुढे गेला आणि जाताना त्याची पावलं हलकी होत गेली. माझे पाय मात्र जागचे उचलेनात. गुडघाभर पाण्यातून चालावं तसा मी चालत होतो, आणि खाली फरशी तर कोरडी होती.

लिफ्टपाशी पोचेपर्यंत सगळे आत गेले होते. मावशीनं विचारलं, "मागे कुणी?"

मी तोंड उघडलं. त्याआधी लिफ्टमधून कुणीतरी थकलेल्या आवाजात म्हणालं,

"मागे कुणी नाही."

मावशीनं दार ओढलं. मी ओरडलो, निदान मला तसं वाटलं, पण घशातून आवाज निघाला नाही. जाळीपलीकडे सगळे दिसत होते, आणि कुणाचीच नजर माझ्यावर थांबत नव्हती. मग त्या गर्दीतून पिवळ्या झेंड्याची काठी बाहेर आली आणि दाराच्या फटीत घुसली. काठी कडकन मोडली, पण दार थांबलं.

"अहो मावशी, माझा भाऊ राहिलाय," ताई म्हणाली.

"अगं, शेपूटच म्हणालं की मागे कुणी नाही. माझ्या कानांनी ऐकलं."

वर आल्यावर मी एकेक पाहुणा निरखून पाहिला. लांब कोट कुणाच्याच अंगात नव्हता.

त्या दिवसापासून दारं माझ्यासाठी थांबेनाशी झाली. बस मला न घेता सुटायची. दुकानदार माझ्या तोंडावर शटर ओढायचा आणि मग दचकून माफी मागायचा. घराचं दार, वाऱ्याची झुळूकही नसताना, मी उंबऱ्यावर असतानाच मिटायला लागायचं. ताई प्रत्येक दारात हात घालून उभी राहायची आणि मला आत घ्यायची. तिचीही बोटं अशीच काळीनिळी झाली होती. ती खोकायची, दार धरायची, पुन्हा खोकायची.

"ताई, एकदा सोडून बघ ना," मी म्हणालो होतो.

"गप. आधीच एक काठी मोडलीय तुझ्यापायी."

सुटका कशी होते हे मला ठाऊक होतं. कुणीतरी आपणहून म्हणायला हवं, शेवटचा मी, तू पुढे हो. मी ते कुणाला सांगितलं नाही. ताईला तर नाहीच. सांगितलं असतं तर तिनं लगेच म्हटलं असतं.

आणि तिनं न सांगताच म्हटलं. गेल्या आठवड्यात आम्ही घराचा जिना चढून आलो, तिला खोकल्याची उबळ आली. एका हातानं दार धरलेलं, दुसरा कठड्यावर. किल्ली, पिशवी सगळं माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी येते मागून."

कुणीही कुणाला म्हणतं तसंच ती म्हणाली. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या अंगावरचं सगळं ओझं उतरलं. इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. आणि मग घरात कुणीतरी बोललं.

"मागे कुणी नाही."

तो आवाज माझा होता. मी बोललो होतो.

मी झेप घेतली तेव्हा दार मिटत होतं. हात त्यात सापडला तो हा. पण दार थांबलं.

आता पुढे मी चालतो. झेंडा माझ्याकडे आहे. घड्याळाचा मनोरा, जकातघर, दीपगृह, सगळं न अडता बोलतो, साहेब खूश आहेत. ताईला तिकिटाच्या खिडकीत बसवलं, पण फेरी निघाली की ती उठते आणि मुकाट मागून चालायला लागते. लिफ्टपाशी मी मावशीच्या आधी ओरडतो, "मागे ताई आहे, थांबा!" एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मलाच माहीत नव्हतं. कधीतरी तिला दूर कुठेतरी नेऊन, कोरड्या उन्हात बसवून, शेवटचा मी म्हणायचं असं ठरवतो. तसं म्हणून बघितलंही. ती फक्त मान हलवते. "राहू दे रे. दमलास तू," म्हणते.

आज संध्याकाळीही मी आधी वर आलो आणि दार पायानं अडवून उंबऱ्यावर बसलो. ताई खालच्या वळणावर आली, थांबली आणि मागे वळली. जिना रिकामा होता. तरी ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि वाट करून देत म्हणाली, "या… पुढे व्हा."

तिला दुसरं काय करता येणार? आपल्या मागे माणूस ठेवून पाऊल उचलायचं नाही.

मग ती आणखी एकदा म्हणाली. मग आणखी एकदा. अजून म्हणतेय, ऐका. आवाज बसलाय तिचा. माझ्या पाठीला गार वारा लागून आत जातोय, आणि मागे खोलीत खुर्च्या सरकल्याचे आवाज येतायत.

राग मानू नका, पण तुम्ही आत कधी आलात ते मला आठवत नाही. आणि तुमच्या बाहीतून पाणी ठिबकतंय, दिवा तेवढा जपा.

थांबा जेवायला. ताईनं शब्द दिलाय. मीच भात टाकला असता, पण हे दार सोडून मला उठता येणार नाही.