नावाड्याचा काना

आमची ओळख झाली ती त्याने मला ‘दादा’ म्हटलं म्हणून.

बाहेर भुरभुर पाऊस होता. चष्म्याच्या दुकानाच्या काचेच्या दारावर आधी एक कपाळ आपटलं आणि मग त्यामागून माणूस आत आला. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्या चष्म्याची निखळलेली काडी. आत येताच त्याने गॉगलच्या जाहिरातीतल्या पुठ्ठ्याच्या सुंदरीला अदबीने नमस्कार केला. तिने काही दाद दिली नाही, तेव्हा डोळे बारीक करून तो माझ्याकडे वळला. माझे केस बारीक कापलेले, अंगावर ढगळ राखाडी एप्रन.

“दादा, जरा बघता का? काडीच हातात आली.”

“द्या इकडे. बघते.”

तो गडबडलाच. “बघते...? अरे बापरे. ताई — सॉरी हं — मला खरंच काही दिसत नाहीये.”

“ते दाराने सांगितलं आम्हाला,” गल्ल्यावरून मावशी म्हणाली.

दुकान माझ्या मावशीचं. मालकीण ती एकटीच, पण बोलणार अशी की जणू मागे अख्खा दरबार उभा आहे. ‘आम्ही उधार देत नाही.’ ‘आम्ही रविवारी उघडत नाही.’ गिऱ्हाईक तर सोडाच, दारात येणाऱ्या मांजरालाही ती ‘आम्हाला आवडत नाही हं हे’ असं ठणकावते. मला त्याची इतकी सवय झालेली की कानावर पडूनही ऐकू यायचं नाही.

मी नवा स्क्रू बसवला, काडी कानामागे नीट बसते का ते बघायला त्याच्या अगदी जवळ उभी राहिले. माझं कामच तसं. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते, आणि रस्त्यात भेटले तर एकही जण मला ओळखत नाही. कसा ओळखणार? मी समोर असते तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. आणि चष्मा चढला, की सगळे आधी आरशात बघतात.

याने आरशात पाहिलं नाही. चष्मा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

“हां,” तो म्हणाला. “आता दिसलात.”

मला काय झालं कोण जाणे, मी हातातला पुसायचा कपडा उगाचच घडी करून परत उलगडला.

“झालं ना? मग जा आता तुझ्या नावाड्याकडे,” मावशीने माझ्या मोबाइलकडे हनुवटी उडवली. “केव्हाचा बिचारा होडीत ताटकळलाय.”

“नावाडी?” निघालेला तो थांबला. “सहाव्या घाटावरचा?”

आता थांबायची पाळी माझी होती. ‘सात घाटांचं राज्य’ हा गेम खेळणारे ढिगाने आहेत, पण सहाव्या घाटावरच्या नावाड्याची आठवण ठेवणारे फार थोडे. गेमची गोष्ट अशी, की लढाईत राणी नाहीशी झाली आहे आणि आपण तिला शोधत राज्यभर फिरायचं. किल्ले, भुयारं, राक्षस, सगळं आहे. आणि मध्येच एक नदी. तिथे डोईवरून घोंगडं ओढलेला एक नावाडी. त्याला आवाज नाही, चेहरा नाही, फक्त पडद्यावर त्याची चार वाक्यं उमटतात. आपण होडीत बसायचं, पलीकडे उतरायचं, आणि त्याला विसरून जायचं.

मी मात्र विसरले नव्हते. कारण चारपैकी तीन वाक्यांत तो ‘सोडतो, ओळखतो, विचारतो’ असं बोलतो. आणि शेवटचं वाक्य येतं — ‘कोणीतरी येईपर्यंत मी इथेच थांबते.’

“थांबते!” मी त्याला ठासून सांगितलं. “थांबतो नाही, थांबते. जीभ घसरली तिची. राणी आहे ती! सगळे जिला डोंगरदऱ्यांतून शोधतायत, ती त्यांनाच नदी पार करून देतेय. आणि एकही जण तिच्या तोंडाकडे बघत नाही.”

तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचे कान लाल होत चालले होते.

“म्हणजे चाहत्यांच्या गटात ‘हट्टी’ नावाने लिहितात त्या... तुम्ही?”

“मीच. का?”

“काही नाही. म्हणजे... टंकनदोष असेल की हो तो. एक काना पडला असेल. ‘तो’मधला काना गेला, की राहतं ‘ते’.”

गटातले निम्मे लोक मला हेच ऐकवायचे. हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. मी कडक आवाजात स्क्रूचे पैसे सांगितले आणि दार उघडून धरलं.

दोन दिवसांनी तो परत आला. स्क्रू ढिला झाला होता.

मग नाकावरच्या गाद्या टोचायला लागल्या. मग काडी जरा वाकडी वाटायला लागली. मग पुन्हा स्क्रू.

“या माणसाचा नक्की कुठला स्क्रू ढिला आहे, ते एकदा बघून घे बाई,” मावशी मला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेताने.

तो यायचा, स्टुलावर बसायचा, चष्मा माझ्या हातात द्यायचा आणि विचारायचा, “काय म्हणतेय तुमची राणी?” मग मी सुरू व्हायचे. राणीचा डावा हात लढाईत जखमी झाला होता, आणि नावाडी वल्हं उजव्या हाताने मारतो. राणीची खूण कमळ, आणि होडीच्या टोकाशी कसलंसं फूल कोरलंय. तो मधूनच खोडा घालायचा.

“फूल कशावरून? फणस असेल.”

“होडीवर कोणी फणस कोरतं का?”

“राणी वल्हं मारू शकते, तर फणसाने काय घोडं मारलंय?”

मी हसायचे. त्याच्या बोटांवर शाईचे डाग असायचे, केसांतून पावसाचे थेंब ओघळायचे, आणि मी चष्मा पुसून परत दिला की तो दर वेळी पहिल्यांदा माझ्याकडेच बघायचा. आरसा तिथेच होता, हातभर अंतरावर. कधी बघितलं नाही त्याने. मला तो आवडायला लागला होता. यात आडपडदा कशाला? चांगलाच आवडायला लागला होता.

गटाचा मेळावा ठरला, वाचनालयाच्या वरच्या दालनात, रविवारी सकाळी. गेमची सुधारित आवृत्ती येणार होती आणि त्याआधी ज्याने त्याने आपापलं म्हणणं मांडायचं होतं. मी नाव दिलं. महिनोन्महिने ज्यांनी मला वेड्यात काढलं, त्यांच्या समोर उभं राहून मला ते वाक्य मोठ्या अक्षरांत दाखवायचं होतं.

शनिवारी दुपारी तो आला. चष्मा त्याच्या नाकावर ठणठणीत होता. त्याने तो काढला नाही, स्टुलावरही बसला नाही.

“तुम्हाला उद्या तिथे बोलू देण्याआधी सांगायला हवं,” तो म्हणाला. “गेम आपल्या भाषेत आणायचं काम माझं होतं. सगळी वाक्यं मी लिहिली. तो काना... मी खाल्ला.”

मला आधी कळलंच नाही.

“मला लिहायचं होतं ‘थांबतो’. घाईत ‘थांबते’ झालं. तपासताना नजरेतून सुटलं. सोमवारी दुरुस्त्या पाठवायच्या आहेत. तुमचं बोलणं ऐकून मी गेम बनवणाऱ्यांना विचारलंसुद्धा, की हा नावाडी बाई आहे की पुरुष. त्यांच्या भाषेत असा फरक करावाच लागत नाही. ते म्हणाले, आम्ही ठरवलेलंच नाही. घोंगडं आहे, होडी आहे, बस.”

 मी हातातला स्क्रूचा डबा खाली ठेवला.

“पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला?”

“हो.”

“आणि मी कमळं नि वल्ही सांगत बसले होते! मजा वाटली असेल ना?”

“नाही हो. तुम्ही बोलत होतात, आणि मला... तुम्ही थांबावंसं वाटत नव्हतं. एवढंच. चुकलं माझं.”

मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. एका कान्यासाठी कोणी रडतं का? पण मला तो नावाडी कोणीतरी असायला हवा होता. रोज सगळ्यांच्या इतकं जवळ असूनही कोणालाच न दिसणारा. तो नुसताच नावाडी निघाला, तर मीही नुसतीच चष्मेवाली होते.

“या तुम्ही,” मी म्हणाले. “मला उद्याची तयारी करायचीय.”

“म्हणजे तुम्ही तरीही...?”

“नाव दिलंय मी. बोलणार.”

मावशीने संध्याकाळी खूप समजावलं. ताप आलाय म्हणून कळव, म्हणाली. मी ऐकलं नाही. गटातलं माझं नाव उगाच नव्हतं पडलं.

रविवारी दालन गच्च भरलं होतं. मी पुढे गेले, पडद्यावर ते वाक्य लावलं आणि खालून हसू यायच्या आतच सांगून टाकलं.

“हा टंकनदोष आहे. काल कळलं. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं.”

टाळ्या झाल्या. एकाने शीळ घातली. मी टाळ्या संपू दिल्या.

“आता माझा प्रश्न. बनवणाऱ्यांनी हा बाई की पुरुष, हेच ठरवलेलं नाही. मग ज्या तीन वाक्यांत ‘तो’ आहे, तो कुठून आला? ती वाक्यं तरी बरोबर कशावरून? घोंगडं दिसलं, वल्हं दिसलं, की आपण ‘दादा’ म्हणून मोकळे होतो. ‘ते’ चूक असेल, तर ‘तो’ सुद्धा अंदाजच आहे. माझा पुरावा गेला, कबूल. तुमच्याकडे तरी कुठे आहे?”

 मग शेवटच्या रांगेत खुर्ची करकरली. तो उभा राहिला होता.

“त्या बरोबर बोलतायत,” तो म्हणाला. “वाक्यं मी लिहिली. काना खाल्ला ती एक चूक. पण बाकी तिन्ही ठिकाणी मी विचार न करता ‘तो’ लिहिलं, ती मोठी. मी कोणालाच विचारलं नव्हतं.”

मग जो गलका झाला, काही विचारू नका. मी त्यातून वाट काढत जिना उतरले. खाली भुरभुर सुरूच होती. तो माझ्यामागे धावत आला, छत्री वरच विसरून.

“राग गेला?”

“नाही. आधी सोमवारचं सांगा. काय लिहिणार?”

“‘तो’ लिहिलं तर तुमची राणी मेली. ‘ते’ लिहिलं तर मी बनवणाऱ्यांच्या वतीने परस्पर ठरवलं. दोन्ही खोटं.”

“मग तिसरं शोधा.”

आम्ही वाचनालयाच्या वळचणीला उभे राहिलो. त्याच्या काचांवर थेंब साचले होते. “‘इथेच थांबणं हे माझं काम’?” त्याने विचारलं.

“सरकारी पाटी वाटते.”

“‘मला इथेच थांबायचं आहे’?”

“लहान मूल हट्ट करतंय. पुढे.”

“तुम्हाला पटेल असं या भाषेत काही नाहीच मुळी!”

“असणार. शोधल्याशिवाय मी इथून हलत नाही.” मी त्याचा चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागले. तेवढ्यात मोबाइल वाजला. मावशी. “काय झालं गं?” ती ओरडली. “हसले का ते? आम्ही येऊ का तिकडे? आम्ही बघतो एकेकाला!”

माझा पुसणारा हात थांबला.

“आम्ही,” मी म्हणाले.

“काय?” त्याने विचारलं.

“आम्ही बघतो. मावशी बाई आहे, तरी ‘बघतो’. ‘आम्ही’ म्हटलं की बाई काय नि पुरुष काय, सगळे ‘थांबतो’च म्हणतात. ‘कोणीतरी येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो.’”

तो चष्म्याविना माझ्या दिशेने बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. “आणि स्वतःला ‘आम्ही’ कोण म्हणतं?”

“मावशी.”

“आणि?”

“राजे,” मी म्हणाले. “आणि राण्या.”

त्याने ते बनवणाऱ्यांना नीट समजावून कळवलं. त्यांना इतकं आवडलं की चारही वाक्यं तशीच करा म्हणाले. राणी आहे की नाही, ते मात्र सांगेनात. माझी तक्रार नव्हती. आता मला ते सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी नावाडी जिवंत होता.

नवी आवृत्ती आली त्या संध्याकाळी तो दुकानात स्टुलावर होता. मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये. नदी आली, घोंगडं आलं, आणि अक्षरं उमटली — ‘कोणीतरी येईपर्यंत आम्ही इथेच थांबतो.’ गटात एकच कल्लोळ उडाला. ‘हट्टी, कुठे आहेस? नावाडी आम्ही म्हणतोय!!’

“उत्तर द्या ना,” तो म्हणाला.

“देते सावकाश.”

“मला अजून एक चूक कबूल करायचीय.” त्याने खिशातून एक इवलासा पेचकस काढून काउंटरवर ठेवला. “स्क्रू... मीच ढिला करत होतो. दर वेळी.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे होते. हात चालत नाही तुझा.” मी ‘तुझा’ म्हणाले, आणि ते दोघांनाही ऐकू गेलं. “मलाही तू थांबावंसं वाटत होतं. म्हणून मीही फार घट्ट आवळत नव्हते.”

 चष्मा नीट नाकावर सरकवून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि या वेळी मी कपड्याची घडी घातली नाही. मीही बघितलं.

मावशीने गल्ल्याला कुलूप लावलं, दिवे मालवत आमच्यापर्यंत आली. “चला, बंद करायची वेळ झाली. घरी निघतेस ना?”

“तू हो पुढे मावशी,” मी म्हणाले. “आम्ही थांबतो.”

मावशी दारातच थबकली. माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“आम्ही?” ती म्हणाली. “बरं, बरं.” आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवून ती निघून गेली.