ठकीची मलमपट्टी

हसू नका हं… पण मी मांजर घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले होते.

छप्पन सालचा पौष. चिंचवडात तेव्हा मांजराला कुणी डॉक्टरांकडे नेत नसे. दवाखान्यापुढे बैलांची रांग, आणि त्या रांगेत टोपलीत ठकीला घेऊन मी! ठकी माझ्या आईची मांजर. आई जाऊन चार वर्षं झाली होती. ठकीला पंधरावं लागलं होतं, आणि कुत्रा चावून तिच्या मागच्या पायाला हे मोठं गळू झालं होतं.

"पोरी, ह्यो गुरांचा दवाखाना हाय. मांजराला कोन दवा करतंय?" रांगेतले गेनबा हसले.

"का? दुखणं काय फक्त तुमच्या बैलालाच येतं?"

"खरंय ताईंचं," आतून आवाज आला. "या ताई, पुढं या."

खाकी सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातांना फिनेलचा वास. हे कंपौंडर हिंदुराव, साताऱ्याकडचे. डॉक्टरांनी गळू फोडलं तेव्हा ठकीनं कचकन चावा घेतला तो हिंदुरावांच्याच अंगठ्याचा. "दात शाबूत आहेत म्हणायचे म्हातारीचे," ते एवढंच म्हणाले. डोळ्यांत पाणी असतानाही मला हसू फुटलं. त्यांनी वर पाहिलं… आणि मग उगाचच पुन्हा एकदा पाहिलं.

निघताना डॉक्टर म्हणाले, "वय झालंय तिचं. रोज मलमपट्टी करा. आठ दिवसांत जखम भरली नाही, तर तिला कळा सोसायला लावू नका. घेऊन या. सुई देऊन मोकळी करू."

तिला रोज आणायचे हाल नकोत म्हणून हिंदुराव संध्याकाळी सायकलवरून घरीच यायला लागले. माझे वडील, दादा, ओसरीवर विडी ओढत बसायचे. समोरच्या शालनबाई नेमक्या त्याच वेळी दारात गहू निवडायला बसायच्या. बाई गं, त्यांचे गहू काही संपेनात!

"हिंदुराव हे नाव मिशा फुटायच्या आधीपासूनचं का?" मी एकदा विचारलं.

"हो तर. मिशा नंतर नावाला साजेशा वाढवल्या."

मी हसले, तेवढ्यात पट्टी सुटली आणि ठकी अशी कळवळली, की माझं हसू तिथंच विरलं.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "कुसुम, कंदील जरा खाली धरा." ताई म्हणायचं राहिलं. मीही आठवण करून दिली नाही. कंदील मात्र लगेच खाली धरला.

आठवा दिवस आला आणि गेला. जखम भरली नव्हती. ठकीनं दूध सोडलं होतं, रात्रभर कण्हायची, हात लावू द्यायची नाही. तिकडे सायकलची घंटा वाजली, की ती लंगडत कणगीमागे लपायची… आणि मी आरशासमोर जाऊन केस नीट करायची. आजही हे आठवलं की माझी मला लाज वाटते.

तेराव्या संध्याकाळी घंटा वाजली, पण ठकी जागची हलली नाही. तेवढं बळच उरलं नव्हतं तिच्यात.

हिंदुरावांनी पट्टी सोडली. नवी बांधायला घेतलीच नाही.

"कुसुम… मी चार दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं. जखम भरायची नाही, हे मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून या घरी यायला निमित्त उरलं नसतं. तुम्ही मला आवडता. फार आवडता. आणि त्यापायी मी या मुक्या जिवाला…"

मी गप्प बसले असते तर सगळा दोष त्यांच्यावर गेला असता. पण ठकी माझ्याकडेच बघत होती.

"मलाही कळलं होतं," मी म्हटलं. "आठ दिवस मी बोटांवर मोजले. मग मोजणंच सोडून दिलं. मलाही तुम्ही यायला हवे होतात."

किती स्वप्नं रंगवली होती मी त्या क्षणाची! आणि तो आला तेव्हा आम्ही दोघंही रडत होतो.

"उद्या सकाळी डॉक्टरांना…"

"उद्या नको," मी म्हटलं. "आत्ताच."

आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मी तिला उराशी धरलं. हिंदुराव सायकल हातात धरून शेजारून चालले. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा ठकी चावली नाही. तिनं डोकं माझ्या तळव्यावर टेकवलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिचं कण्हणं थांबलं. परसातल्या पेरूखाली आम्ही तिला पुरलं.

दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, घंटा वाजली. माझा हात केसांकडे गेला… आणि तसाच खाली आला.

ते उंबऱ्याबाहेर उभे होते. हातात औषधाची पिशवी नव्हती.

"आज काय काम काढलंत?" मी विचारलं.

"ठकीचं काही नाही. दादांशी बोलायला आलोय… चालेल?"

समोर शालनबाईंचा सुपातला हात थांबला.

"बसा," मी म्हटलं. "दादा येतीलच."

चहा टाकायला मी आत गेले. चुलीपाशी ठकीची वाटी होती. सकाळी सवयीनं मीच तिच्यात दूध ओतून ठेवलं होतं. तेच दूध चहात घातलं. हिंदुरावांनी आणि मी, दोघांनीही तो चहा शेवटपर्यंत प्यायला, पण कणगीकडे बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.