मग तिला कुणी काढलं?

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्यावर हा प्रसंग गुदरला, ती गोडेलीव्ह बेल्जियममधल्या ब्रुज शहरात आमच्याच गल्लीत राहते.

ती पर्यटकांना शहर दाखवते. तिचा दीर योस्ट कालव्यात होडी चालवतो. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. होडीत सातआठ पाहुणे होते आणि धुकं एवढं, की काठावरची घरंसुद्धा दिसेनात.

गोडेलीव्ह लेस विणणाऱ्या मुलीची दंतकथा सांगत होती. अशाच धुक्यात घरी निघालेली ती मुलगी पायऱ्यांवरून घसरून कालव्यात पडली. तिच्या हाका घराघरांत ऐकू गेल्या...

"वहिनी, आवर आता," योस्ट हसला. "तुझ्या भुतांनाही थंडी वाजत असेल."

तिने गोष्ट तिथेच सोडली. होडी बुटक्या पुलाखाली शिरली.

एरवी या पुलाखाली शिंकलं तरी घुमतं. पण त्या दिवशी...

काहीच घुमलं नाही.

होडीच्या इंजिनाचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला.

मग होडी मागच्या बाजूने खाली दबली. कुणीतरी चढल्यासारखी.

"कोण उभं राहिलं? बसून घ्या," योस्ट ओरडला.

कुणीच उभं नव्हतं.

पाणी होडीच्या काठावरून आत आलं. गोडेलीव्हच्या बुटांत शिरलं. एक म्हातारी रडायला लागली.

आणि मागच्या रिकाम्या बाकावरून... एक कोवळा आवाज आला.

"पुढे सांग ना. मग तिला कुणी काढलं?"

दंतकथेचा शेवट गोडेलीव्हला पाठ होता. त्या मुलीला कुणीही काढलं नव्हतं.

पाणी घोट्यापर्यंत चढलं.

"काढलं," ती कशीबशी म्हणाली. "शेजाऱ्यांनी काढलं. जिवंत."



मग अगदी कानाशी...

"मग मी घरी का नाही पोचले?"

होडी एकदम हलकी झाली. पाण्यात काही पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

धक्क्याला लागल्यावर योस्टने दोर बांधला आणि तो तिच्याकडे वळला.

"वहिनी, तू कुणाशी बोलत होतीस?"

तो आवाज त्याने ऐकलाच नव्हता. पाहुण्यांपैकीही कुणी नाही.

गोडेलीव्ह आता होडीत पाय ठेवत नाही. धुकं उतरलं, की काम सोडून सरळ घर गाठते.

तो प्रश्न पुन्हा कानाशी आला, तर काय सांगायचं... हे तिला अजून सुचलेलं नाही.