भिंतीतला हुंदका

"टिकले, ऊठ तिथून! ती भिंत रडते."

कात्रीवाली मावशी इतक्या हळू बोलली, की टिकलीच्या अंगावर काटाच आला. सुट्टीत टिकली आणि तिचा दादा लंबू आईबरोबर शिवणकामाच्या कारखान्यात यायचे. तिथे मावशीची मुलगी चष्मिसही असायची.

भर दुपार होती. वीस मशिनी खडखडत होत्या. पंखे नुसतेच गरम हवा ढवळत होते. इतक्यात त्या भिंतीलगतच्या कपाटामागून आवाज आला, "हूँऽऽऽ!" आणि टिकलीच्या मानेवर कुणीतरी श्वास सोडला!

"आई गं!" ती उडालीच.

"भूतबीत काही नसतं! कामं करा!" मुकादम ओरडले. पण स्वतः दाराच्या आत काही आले नाहीत.

तेवढ्यात मावशीच्या हातातली कात्री खणकन पडली. मागोमाग मावशीही! "उष्माघात झाला हिला!" म्हणत टिकलीच्या आईने तिच्या मानेवर ओली फडकी ठेवली. कुणीतरी डॉक्टरांना आणायला पळालं. आपल्या आईचा लालबुंद चेहरा बघून चष्मिसला रडू फुटलं.

"हूँऽऽऽ!" भिंत पुन्हा रडली.

चष्मिसने डोळे पुसले आणि एक दोरा कपाटामागच्या फटीशी धरला. दोरा बाहेर उडाला, मग आत ओढला गेला.

"हे भूत असेल, तर त्याला दमा आहे!" ती म्हणाली. "भिंत पोकळ आहे. वरून वारा येतोय."

"काका, गच्चीची किल्ली द्या," लंबू म्हणाला.

"गच्चीवर कुणी जायचं नाही!" मुकादम गरजले.

"खरंय, मोठं माणूस हवंच," टिकली मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "काका, तुम्ही पुढे व्हा. भूत दिसलं की हाक मारा!"

सगळ्या बायका वळून बघू लागल्या.

"माझ्या... माझ्या पाठीत चमक भरलीय," मुकादम पुटपुटले आणि किल्ली टिकलीच्या हातात पडली.

तिघं वर निघाली. जिना अंधारा होता. प्रत्येक वळणावर हुंदका जवळ येत होता. गच्चीवर विटांचा एक बुटका मनोरा उभा होता. त्याच्या चारही खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या. टिकलीने फळीवर तळहात ठेवला. फळी थरथरत होती, आतून कुणी ढकलत असल्यासारखी!

"दादा, आत खरंच कुणी असलं तर?"

"तर तेही उकडून निघालं असेल. ओढ!"

खिळे करकरले. पहिली फळी सुटली आणि आतून लांबलचक सुस्कारा निघाला. धूळ, पिसं आणि भट्टीसारखी गरम हवा भसकन आभाळात गेली. तिघांनी भराभरा बाकीच्या फळ्या उपटल्या. रडणं थांबलं. त्या शांततेचीच टिकलीला क्षणभर भीती वाटली.

मग ती धडाधड खाली धावली. "कपाट सरकवा, गरम हवा वर जाऊ दे! खालच्या तळघराचं दार उघडा, गार हवा आत येऊ दे!"

कपाटामागे भलीमोठी जाळी निघाली. खोलीतली तापलेली हवा तिच्यातून वर जाऊ लागली आणि तळघरातून गारवा चढून आला. डॉक्टर पोहोचले, तेव्हा मावशीने डोळे उघडले होते.

"कोण फुंकर घालतंय गं?" तिने विचारलं.

"इमारत!" चष्मिस हसत हसत रडली.

"पाखरं आत शिरायची, म्हणून मीच फळ्या ठोकल्या होत्या," मुकादम मान खाली घालून म्हणाले. "चुकलंच माझं."

"खिडक्यांना जाळ्या लावा, फळ्या नकोत," डॉक्टर म्हणाले आणि मुलांकडे वळले. "शाब्बास! मी एकीला तपासायला आलो, तुम्ही वीस जणींना वाचवलंत!"