परतीची भाकरी

दाक्षायणीनं ठरवलं म्हणजे ठरलं, हे भवानी पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. घराच्या पुढच्या खोलीत चुली मांडून कडक भाकरीचा धंदा काढायचा असं तिनं ठरवलं, आणि काढला. नवऱ्याला यंत्रमागावरून उठवून घरी बसवायचं ठरवलं, आणि बसवलं. आता तिच्या मनात कोकण भरलं होतं. वैशाखात सिदूला घेऊन समुद्राकाठी जायचं, माडांच्या सावलीत निवांत राहायचं आणि त्याचा खोकला तिथंच टाकून यायचं.

सिदू म्हणजे तिचा नवरा सिद्राम. त्याचं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं आणि कापसाची पिंज छातीत जाऊन बसली. दोन आखूड ढासा, मग एक लांब ओढलेली, आणि शेवटी दमून म्हटलेलं "शिवा शिवा". दिवसभर घरात हेच चालायचं. डॉक्टर म्हणाले होते, औषधं चालू ठेवा आणि जमलं तर हवापालट करा. सिदूनं त्यातलं औषधाचं तेवढं ऐकलं. दाक्षायणीनं हवापालटाचं धरून ठेवलं. छाती आणखी बिघडली तर माणूस हातचा जाईल, हे डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

मोबाईलवर शोधून शोधून तिनं जागा काढली. सिंधुदुर्गात खाजणवाडी म्हणून लहानशी वस्ती, तिथं पेडणेकरांचं घर. पुढं वाळू, मागं सुपारीची बाग, चारी बाजूंनी हिरवंगार. फोटो बघून तिचे डोळे निवले. बाहेर सोलापूरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. पुण्याला असणाऱ्या पृथ्वीराजनं, तिच्या मुलानं, गाडी ठरवून दिली. सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग घाट उतरून खाली. घाटात आईला मळमळतं म्हणून आवळासुपारी घ्यायचंही त्यानं बजावलं. सगळं जिथल्या तिथं.

एकच गोष्ट तिनं तिच्या सोयीनं केली.

सिदूच्या घराण्यात एक रीत होती. तिची सासू, बजाबाई, ती काटेकोर पाळायची. घरचं माणूस लांब निघालं की निघायच्या दिवशी सकाळी अंघोळ करून एक भाकरी करायची, तिच्या कडेनं तिळाचं कडं दाबायचं. ती शिदोरीत न्यायची, पण खायची नाही. तशीच घरी आणायची आणि आल्यावर उंबऱ्यात बसून सगळ्यांनी घास घास खायची. तिला परतीची भाकरी म्हणत. माणूस परतलं हे घराला त्या घासानं कळतं, असं बजाबाई म्हणायची.

दाक्षायणीला रीत मोडायची नव्हती. पण लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या आणि निघायच्या दिवशी पहाटे चूल पेटवत बसायला तिला सवड नव्हती. रोजच्या भाकऱ्या चालल्या होत्या, त्यातच तिनं तिळाची एक थापली. नेहमीप्रमाणं मधोमध पाच बोटं दाबली. ही तिची खूण. लहानपणी गिरणीच्या पट्ट्यात तिचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलं होतं, त्यामुळं चार ठसे पुरते आणि मधला तोकडा. दुकानदार त्या ठशावरूनच तिची भाकरी ओळखायचे.

"ताई, ही निघायच्या दिशी करत्यात नव्हं?" येसूबाईनं विचारलं. येसूबाई मोहोळकडची. कितीतरी वर्षं तिच्या शेजारच्या तव्यावर बसायची.

"कडक भाकरी हाय, येसूबाई. महिनाभर कुटं जात न्हाय. आणि भाकरीला तारीख कळती व्हय?"

येसूबाईनं आपल्या तव्यावरची भाकरी उलटली. दाक्षायणीनं भाकरी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि डबा फळीवर सारला.

त्यानंतर सिदूचा खोकला कमी झाला. आधी तिच्या लक्षातच आलं नाही. आवाज सुरू झाला की कळतं, थांबला की कळायला वेळ लागतो. दुपारी भाकऱ्या चळतीनं लावताना तिला घर फार शांत वाटलं, म्हणून तिनं आत डोकावलं. सिदू बाजेवर पडून आढ्याकडं बघत होता, चेहरा निवांत.

"बरं वाटतंय?"

"लई बरं. वारं चांगलं हाय."

पंखा बंद होता, लाईट गेली होती. दाक्षायणीला मात्र आनंद झाला. नुसतं जायचं ठरवलं तर एवढा फरक, गेल्यावर काय होईल, असं तिनं येसूबाईला सांगितलंसुद्धा. तिचं स्वतःचंही बरं चाललं होतं. भाकरी थापताना ते अर्धं बोट कायम झिणझिणायचं, ते हल्ली थांबलं होतं. हात कसा सरसर फिरत होता.

"हात लई चांगला बसायलाय तुमचा," येसूबाई म्हणाली आणि भाकरीकडं बघत राहिली. दाक्षायणीला ते कौतुक वाटलं.

खोली वरची की खालची, एवढंच विचारायला तिनं पेडणेकरांना फोन लावला. सिदूला जिने चढवत नसत.

"खालचीच, ताई. तुमची तीच खोली," पेडणेकर म्हणाले. आवाज मऊ, बोलणं सावकाश. पाठीमागं समुद्र ऐकू येत होता. "साहेबांना तिथून उठवणार कोण? आवडलीय त्यांना."

दाक्षायणी हसली. पाहुण्यांची गर्दी असेल, माणसाचा घोटाळा होतो. आपण सोलापूरचे, अजून यायचे आहोत, असं तिनं समजावून सांगितलं. पेडणेकर "बरं, बरं" म्हणाले, म्हाताऱ्या माणसाची समजूत घालावी तसं.

सिदूचे सदरे दोरीवर वाळेनासे झाले ते याच सुमारास. सोलापूरच्या वैशाखात धुणं पिळून टाकेपर्यंत खडखडीत होतं. त्याचे सदरे मात्र संध्याकाळी काढायला जावं तर दमट आणि चिकट, वास येई तो सुक्या बोंबलाच्या बाजारासारखा. त्यांच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. साबण बदलायला हवा, असं म्हणून तिनं दुसरा साबण आणला.

मग फोटो आला. न्हाणीघर कसं आहे, कमोड आहे का, हे बघायला तिनं पेडणेकरांकडं खोलीचे फोटो मागितले होते. न्हाणीघर चांगलं होतं. दुसरा फोटो खिडकीचा. गज, पलीकडं माड, त्यापलीकडं पाणी. खिडकीच्या कट्ट्यावर एक भाकरी ठेवलेली.

दाक्षायणीनं फोटो बोटांनी मोठा केला. कडेनं तिळाचं कडं. मधोमध पाच ठसे. मधला तोकडा.

ती घाबरली नाही. तिच्या भाकऱ्या पुण्या-मुंबईला जात होत्या, कुणीतरी तिथवर नेली असेल. तीळ काय, कुणीही लावतं. हे सगळं मनात नीट मांडून ती उठली आणि फळीवरचा डबा खाली काढला. फडकं सोडलं. भाकरी होती. तिच्या जिवात जीव आला.

तिनं ती उचलली आणि भाकरी तिच्या हातात लवली. ओल्या फडक्यासारखी दोन्ही बाजूंनी खाली आली. शेजारच्या डब्यात त्याच दिवशीच्या, त्याच पिठाच्या भाकऱ्या होत्या. तिनं एक दाबली, ती कटकन मोडली.

येसूबाई बघत होती. "दमट धरलंय," ती हळूच म्हणाली.

"हितं दमट कुटनं येणार?" दाक्षायणी म्हणाली. पहिल्यांदाच तिला आपल्या प्रश्नाचं उत्तर नको होतं.

तिनं पेडणेकरांना फोन लावला. खिडकीतली भाकरी कुणाची, एवढंच विचारलं.

"तुमचीच की, ताई. तुम्हीच ठेवलीत. मी म्हटलं होतं, मुंग्या लागतील, आत ठेवू का. तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही नुसत्या खिडकीत बसून असता, म्हणून मीही पुन्हा—"

पुढचं दाक्षायणीनं ऐकलं नाही. लाटांच्या आवाजात, पेडणेकरांच्या पाठीमागं, कुणीतरी खोकलं. दोन आखूड. एक लांब.

"शिवा शिवा," कुणीतरी म्हणालं.

फोन कानाला धरूनच ती आतल्या खोलीच्या दारात गेली. सिदू बाजेवर बसला होता. तोंड मिटलेलं. तो तिच्याकडं बघून हसला.

फोनमध्ये परत तो खोकला आला.

तिनं फोन ठेवला. तिला नवऱ्याची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याचा हात गार आणि ओलसर होता.

"अहो, गाडी आजच बोलवू का? आत्ता निघू."

"कुटं?"

"कोकणात."

"कशाला?" सिदू म्हणाला. "आलोय की."

दाक्षायणी उठली. रडत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. प्रवास तिनं भाकरीनं सुरू केला होता, मग संपवायचा तोही भाकरीनंच. कोकण राहिलं कोकणाच्या जागी. तिनं सिदूला दंडाला धरून बाहेर आणलं आणि उंबऱ्यावर बसवलं. रस्त्यावर उन्हाचा रखरखाट होता. तिनं ती लवलेली भाकरी त्याच्या हातात दिली.

तिचा एक तुकडा तिनं आपल्यासाठी मोडला होता. पण सिदूच्या त्या निवांत चेहऱ्याकडं बघितलं आणि तोही त्याच्याच हातावर ठेवला. अडकलंय ते हे माणूस. मी तर हितं धडधाकट उभी हाय. माझ्यापायी ह्याच्या वाट्याचा घास कशाला कमी करायचा?

"तुमी खावा. सगळी संपवा."

"आन् तू?"

"मला काय झालंय?"

तो खात गेला. लहान पोरासारखा, तिच्याकडं बघत.

"खारट हाय," तो म्हणाला.

भाकरीत मीठ घालायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

शेवटचा घास गिळला आणि सिदू वाकला. छातीतून खरखर वर आली. दोन आखूड ढासा. एक लांब. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं.

"शिवा शिवा."

दाक्षायणीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि ती रडली. तो खोकला ऐकून तिला एवढा आनंद होईल, असं कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. त्याचा हात आता कोरडा होता, उन्हानं तापलेला. खोकल्याचं बघू. औषध बदलू, डॉक्टर बदलू. माणूस घरी होतं.

फोन वाजला. पेडणेकर. आता तिला भीती नव्हती. बुकिंग रद्द करा, असं सांगायलाच तिनं फोन उचलला.

"ताई, साहेब मघाशी निघून गेले," ते म्हणाले. "सांगितलंसुद्धा नाही. खिडकीतली भाकरीपण दिसत नाही."

"व्हय. आले ते घरी."

"बरं झालं." लाटांचा आवाज आला, गेला. "पण तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही बसूनच आहात. मी खोलीच्या दारातनंच बोलतोय. हाका मारल्या, तुम्ही मान वळवत नाही. भरती वाढतेय. खिडकी लावून घेऊ का?"

दाक्षायणीनं फोन हळूच बंद केला.

खोलीत येसूबाई उभी होती. तिच्या हातात आजची एक भाकरी होती, ती तिनं पदराआड धरली होती.

"कवापासनं सांगावं म्हनत हुते, ताई," ती म्हणाली. "तिळाची केली त्या दिसापासनं."

"दाखव."

येसूबाईनं भाकरी पुढं केली नाही.

परातीत पीठ मळून ठेवलं होतं. दाक्षायणी खाली बसली. गोळा घेतला, थापला. नेहमीसारखी मधोमध पाच बोटं दाबली आणि हात उचलला. तिनं हाताकडं बघितलं. मधलं बोट अर्धं होतं, नेहमीसारखं.

पिठात पाचही बोटं पुरती उमटली होती. मधल्याच्या टोकाला नखाची बारीक चंद्रकोर होती, आणि तिच्यात हळूहळू पाणी साचत होतं.